वाचक विचारतात : हाड वाढेल, पोटरीचं काय?

गेल्या दोन महिन्यांत उंचीबद्दलची इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी सर्जन नाही. मिरजेत सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. हाड कापून, पायाभोवती धातूच्या रिंगांची फ्रेम लावून पाय लांबवलेले रुग्ण ऑपरेशननंतर माझ्याकडे येतात आणि सहा-आठ महिने, कधी वर्षभर येत राहतात. तेव्हा मी जे सांगणार आहे, ते ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरचं आहे.

«मॅडम, मी २४ वर्षांचा आहे. तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. अकॅडमीच्या सरावात गोळा, १०० मीटर, १६०० मीटर, सगळ्यात चांगले मार्क पडतात. लेखीचाही अभ्यास चांगला आहे. पण उंची १६२ भरते आणि लागते १६५. मोबाईलवर एका मुलाचे व्हिडिओ बघितले, त्याने ऑपरेशन करून तीन इंच उंची वाढवली. एका दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, तीन महिन्यांत होईल. बाबा दीड एकर गहाण टाकायला तयार आहेत. करू का?» – नाव छापू नये, करमाळा

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा गहाणाच्या वाक्यापाशी अडखळले. माझा मुलगा तुझ्याच वयाचा, म्हणून तुला अरे-तुरे करते आणि सरळच सांगते: भरतीसाठी हे ऑपरेशन करू नकोस. नुसतं 'नको' म्हटल्यानं तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

तीन महिने सांगणाऱ्यांनी तुला फार तर लांबवण्याचे दिवस मोजून दिलेत. यात नडगीचं हाड कापतात, हाडावरचं पातळ आवरण शक्य तेवढं जपून. फ्रेमच्या रिंगा हाडातून आरपार घातलेल्या तारांनी पायाला धरलेल्या असतात. पाच ते सात दिवस तसंच राहू देतात. मग रिंगांना जोडणाऱ्या दांड्यांवरचे नट दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचे. दहा नंबरचा पाना लागतो, गाडीच्या टूलकिटमध्ये असतो तोच. चार पाव फेरे म्हणजे एक मिलिमीटर. कापलेली दोन टोकं दिवसाला एवढीच एकमेकांपासून लांब जातात आणि मधल्या फटीत नवं हाड धरायला लागतं. घाई केली तर हाड धरत नाही, रेंगाळलं तर फट मुदतीआधीच जुळून घट्ट होते. तुला चार सेंटीमीटर हवे असतील तर चाळीस दिवस. एवढं तीन महिन्यांत बसतं, इथपर्यंत त्यांचा हिशेब बरोबर आहे.

पण चाळिसाव्या दिवशीचा एक्स-रे बघितलास तर त्या फटीत तुला हाड दिसणार नाही. शेवया वाळत घातल्यासारख्या फिकट उभ्या रेघा दिसतील. त्या भरून येऊन माणसाचं वजन पेलेल असं हाड व्हायला, लांबवायला लागले त्याच्या दुप्पट दिवस तरी जातात. एका सेंटीमीटरमागे महिना ते दीड महिना फ्रेम पायात राहते, हा माझ्या बघण्यातला हिशेब. म्हणजे तुझ्या चार सेंटीमीटरना चार ते सहा महिने, दोन्ही पायांत, आरपार तारा घेऊन. फ्रेम काढल्यावरही हाड काही काळ कच्चंच असतं. पाय मुरगळून नव्या हाडातच मोडलेले लोक मी पाहिले आहेत. आणि हे सगळं काही आडवं न आलं तर. तारेच्या तोंडाशी पू होणं तर जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतंच.

आता माझ्या कामाचं. हाड नट फिरवून लांबतं. पोटरीला नट नसतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि जाड कंडरेनं टाचेला बांधलेला असतो. मधलं हाड लांबलं की तो दोरीसारखा ताणला जातो आणि टाच वर ओढतो. माणूस चवड्यावर चालायला लागतो. म्हणून रोज तासन्‌तास ताण देण्याचे व्यायाम करावे लागतात, ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशीसुद्धा, आणि रात्री पाऊल काटकोनात बांधून झोपावं लागतं.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मोठ्या शहरात जाऊन दोन्ही नडग्या सहा सेंटीमीटर वाढवून आला होता. व्यायामाबद्दल त्याला एक छापील कागद दिला होता, बाकी काही नाही. वडील त्याला दोन्ही बगलांत धरून आत घेऊन आले. भिंतीला टेकवून उभं केलं तर दोन्ही टाचा जमिनीपासून चार-चार बोटं वर. घरी मुलीच्या जुन्या शंभर पानी वह्या पडल्या होत्या, त्या आणल्या आणि त्याच्या टाचांखाली चळत लावली. टाच टेकेल इतक्या. एका बाजूला नऊ लागल्या, दुसऱ्या बाजूला अकरा. त्या चळतीवर उभं राहायचं, गुडघा ताठ, वीस मिनिटं, मग विश्रांती, मग पुन्हा. टाच सैल पडली की एक वही काढायची. पहिली वही निघायला तेरा दिवस लागले. त्या मुलाच्या कपाळावरचा घाम वहीच्या पुठ्ठ्यावर पडायचा, त्याचे डाग अजून आहेत. त्या वह्या मी टाकल्या नाहीत. सात महिन्यांनी डावी टाच जमिनीला टेकली. उजवीची तीन वह्यांच्या पुढे काही हलेना, शेवटी कंडरा लांबवण्याचं दुसरं ऑपरेशन झालं. तो आज नीट चालतो, उंच दिसतो, आणि त्याला त्याचा पश्चात्तापही नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण तो बसून काम करतो. धावायला मात्र त्याला आजही जमत नाही, चार पावलं टाकली की पोटरी धरते.

तुला १६०० मीटर धावायचं आहे, आणि त्याला २० गुण आहेत. ज्या पायांवर तू आज ते मिळवतोस, तेच पाय तू कापायला देणार. वर भरतीत वैद्यकीय तपासणी असते. नडगीवर वीस-पंचवीस तारांचे व्रण आणि एक्स-रेतलं जोडलेलं हाड डॉक्टरांपासून लपत नाही, आणि ते लपवून नोकरीला लागावं असं तुझ्या पत्रातला मुलगा मला वाटला नाही. म्हणजे जमीन जाईल, दीड-दोन वर्षं जातील, वय पुढे सरकेल आणि मैदानात तू आजच्यापेक्षा मागे असशील.

सकाळी उठल्या उठल्या माणूस संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरतो, मणक्यांमधल्या चकत्या रात्री फुगतात म्हणून. अकॅडमीतली मुलं हे जाणतात. पण त्यातून तीन सेंटीमीटर निघत नाहीत, तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस. तुझा लेखीचा अभ्यास चांगला आहे, हे तू पत्रात एका ओळीत उरकलंस, मला तीच ओळ महत्त्वाची वाटते. लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेत उपनिरीक्षकाला उंचीची अट आहे. सहायक कक्ष अधिकारी आणि राज्य कर निरीक्षक या पदांना नाही. तलाठ्यालाही नाही. खाकीची ओढ वेगळी, हे मला कळतं. माझे वडील हवालदार होते. तरीही बाबांना सांग, सातबारा कपाटात ठेवा.

«मी २९ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. उंची १६३. शाळेपासून 'बुटक्या' ऐकतो आहे, आता स्थळंही उंचीवरून परत जातात. बाहेर रिंगा न लावता हाडात चुंबकाचा रॉड घालून उंची वाढवतात असं वाचलं. पैशांची सोय आहे. घरच्यांना न सांगता, सहा महिने घरून काम घेऊन करावं असा विचार आहे.»

तुम्हाला मी 'करू नका' म्हणणार नाही. तुम्ही सज्ञान आहात, पैसा तुमचा आहे, आणि जो त्रास तुम्ही पंधरा-वीस वर्षं सोसलात तो खोटा नाही. 'उंचीत काय असतं' असं तुम्हाला उंच माणसांनी बऱ्याचदा ऐकवलं असेल, ते मी पुन्हा ऐकवत नाही. पण दोन गोष्टी तुमच्या पत्रात मला खटकल्या.

पहिली, रॉडबद्दल. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड बसवतात, त्यात चुंबक आणि दात्यांची चाकं असतात. बाहेरून एक यंत्र मांडीवर धरलं की आतला चुंबक फिरतो आणि रॉड केसाएवढा लांबतो. प्रिसाइस नावाच्या अशा रॉडला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये मंजुरी दिली. तारा नाहीत, पू नाही, व्रण थोडे. मोठीच सुधारणा आहे, मी स्वतः तिची वाट पाहत होते. मात्र हाड पक्कं होईपर्यंत हा रॉड पूर्ण वजन घेत नाही, आणि तुमच्या दोन्ही मांड्यांत तो असणार. जास्त वजन पेलणारा स्टीलचा रॉड, स्ट्राइड, २०१८ मध्ये आला होता. रॉडच्या सांध्यापाशी गंज आणि आसपासच्या हाडात बदल दिसू लागल्यावर २०२१ मध्ये तो बाजारातून परत घेतला गेला. मांडीत रॉड घालताना हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकण्याचा धोका असतो, दोन्ही मांड्या एकाच वेळी करताना जास्त. तो क्वचित असतो, पण जिवावरचा असतो. सर्जनना हा प्रश्न नाव घेऊन विचारा. आणि हाड आतून वाढलं तरी स्नायूंना त्याचा काहीच पत्ता नसतो. नडगी वाढवली की टाच वर जाते, मांडी वाढवली की गुडघा वाकेनासा होतो, कंबर पुढे झुकते. त्या वर्षात मांडी घालून जेवायला बसणं नाही, उकिडवं बसणं नाही, भारतीय पद्धतीचा संडास नाही. एका मर्यादेपुढे गुंतागुंत भराभर वाढते. नडगीत पाच सेंटीमीटरच्या आसपास, मांडीत त्याहून थोडं पुढे, अशी ती मर्यादा चांगले सर्जन पाळतात. 'दहा-बारा करून देतो' म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढू नका.

दुसरी गोष्ट, घरच्यांना न सांगण्याची. २०१६ मध्ये हैदराबादेत एका तरुणानं असंच केलं होतं. मुलगा बेपत्ता म्हणून आईवडिलांनी पोलिसांत तक्रार दिली आणि तो सापडला तो रुग्णालयाच्या खाटेवर, उंचीसाठी दोन्ही पायांची हाडं कापून घेतलेल्या अवस्थेत. तेव्हा वर्तमानपत्रांतून हे सगळीकडे आलं होतं. मी त्या आईवडिलांचा विचार बरेच दिवस करत होते. तुम्ही सहा महिने घरून काम कराल, पण रात्री दोन वाजता संडासला जायला खुर्चीवरून उचलणार कोण? पोटरीत गोळा आल्यावर पाय दाबून सरळ करणार कोण? माझ्या अनुभवात ज्यांचं चांगलं झालं, त्या प्रत्येकाच्या मागे घरातलं एक माणूस होतं जे व्यायामाच्या वेळी त्याचा राग सहन करत होतं.

आधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुम्हाला वेड लागलंय म्हणून नव्हे. काही जणांची उंची वाढते आणि 'बुटक्या' हा शब्द मात्र कानात तसाच राहतो. मग ते पुन्हा मांडीचं ऑपरेशन मागतात. आपण त्यांतले आहोत की नाही, हे हाड कापण्याआधी कळलेलं बरं. त्यानंतरही करायचं ठरलं तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी फिजिओथेरपिस्ट ठरवा, आत्तापासूनच पोटऱ्या आणि मांड्या ताणायला लागा, आणि तंबाखू, सिगारेट, मावा काही असेल तर आजच बंद. तंबाखू खाणाऱ्याचं हाड धरायला रडवतं.

«माझी मुलगी साडेतेरा वर्षांची, १४८ सें.मी. आहे. पाळी येऊन दोन वर्षं झाली. लोंबकळायचा बार लावला, जाहिरातीतली पावडर आणली. माझी उंची १५०, ह्यांची १६३. अजून काय करू?» – एक आई, रत्नागिरी

ताई, बार राहू द्या, खेळेल. पावडर बंद करा. लोंबकळून हाड लांबत नाही आणि डब्यातल्या पावडरनंही नाही.

मुलीची अपेक्षित उंची ढोबळ काढायची तर आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेतून १३ वजा करून निम्मं करतात. तुमचं १५० येतं. म्हणजे ती तुमच्या घराण्याच्या मापातच आहे, मागे पडलेली नाही. पाळी सुरू झाल्यावर मुली साधारण पाच-सात सेंटीमीटर वाढतात आणि त्यातलं बरंचसं पहिल्या दोन वर्षांत होऊन जातं. मनात शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून डाव्या हाताचा एक एक्स-रे काढून घ्या, हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा उघडी आहे की मिटली ते त्यात दिसतं. तिच्यासमोर भिंतीवर पेन्सिलच्या खुणा करत असाल तर त्याही थांबवा. तिला पोटभर जेवू द्या, झोपू द्या.

«माझ्या मिस्टरांचा दोन वर्षांपूर्वी गाडीवरून अपघात झाला. हाड सडलं, ते काढल्यावर उजवा पाय चार सेंटीमीटर आखूड राहिला. आता रिंगांची फ्रेम लावली आहे, आजचा अठरावा दिवस. नट फिरवायची वेळ आली की ते चिडतात, कधी कधी एखादी वेळ टाळतात. दोन ठिकाणी तारेजवळ चिकट पाणी येतं. शेजारच्या म्हणतात पाय भिजवू नका. आणि पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, फ्रेमवर कपडे काय घालायचे?» – इचलकरंजी

वहिनी, ही फ्रेम ज्यांच्यासाठी निघाली ते तुमच्या मिस्टरांसारखेच लोक होते. सैबेरियातल्या कुर्गान गावात गावरील इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ती बसवली. समोर महायुद्धातून परतलेले, हाडं न जुळलेले सैनिक होते. असं सांगतात की ते दोन टोकं जवळ आणायचे नट वापरत होते, एका रुग्णानं ते उलटे फिरवले आणि फटीत नवं हाड उगवलेलं सापडलं. मिस्टरांना वालेरी ब्रुमेलची गोष्ट सांगा. उंच उडीत २.२८ मीटरचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर होता, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळालं आणि पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात पायाचा चुराडा झाला. ऑपरेशनांवर ऑपरेशनं होऊनही पाय बरा होईना. अखेर कुर्गानला त्याच्या पायात याच रिंगा लागल्या, आणि पुढे तो पुन्हा दोन मीटरच्या वर उडाला. माझ्याकडे फ्रेमवाले रुग्ण एकमेकांना ही गोष्ट सांगतात.

पण वेळ टाळणं मात्र चालणार नाही. नट राहिला तर फट आधीच जुळते आणि हाड पुन्हा कापायची पाळी येते. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री झोपताना, असे चार गजर लावा. वहीत तारीख आणि वेळ लिहून ते स्वतः सही करतील असं करा. पाना त्यांच्याच हातात द्या. दुसऱ्यानं फिरवलेला नट जास्त दुखतो, हे मला कित्येकांनी सांगितलं आहे. फेऱ्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

चिकट, पाण्यासारखा पाझर असेल तर घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणानं रोज पुसा, खपली साठू देऊ नका, प्रत्येक तारेला वेगळा गॉज. आंघोळीचं तुमच्या सर्जनना विचारून ठरवा, शेजारणींना नको. पाझर पिवळा-घट्ट झाला, वास आला, तारेभोवती लाली पसरली किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि रोज सकाळी एक तपासणी तुम्ही करा: पायाचा अंगठा वर उचला म्हणायचं. उचलता येत नसेल, किंवा पावलावर मुंग्या, बधिरपणा आला, तर नस ताणली जात असते. पुढचा नट न फिरवता फोन करा.

लग्नाचं सोपं आहे. सुती लेंगा दोन माप मोठा घ्या. उजव्या पायाची बाहेरची शिवण वरपासून खालपर्यंत उसवा, दोन्ही कडा दुमडून टीप मारा आणि वीतभर अंतरानं नाड्यांच्या जोड्या लावा. आधी पाय घालायचा, मग नाड्या बांधायच्या. वर लांब झब्बा घातला की कोणाच्या लक्षातही येत नाही. तारांची टोकं कापडाला अडकतात, त्यांवर प्लास्टिकची टोपणं बसवून घ्या. बसायला हात असलेली खुर्ची आणि पाय ठेवायला एक स्टूल आधीच सांगून ठेवा. आणि दुपारी बाराचा पाना पिशवीत घ्यायला विसरू नका, मुहूर्त बहुतेक त्याच वेळेचा असतो.